ड्रॉप सी, १२० व्होल्टचं ट्यूब हेड आणि गोव्यातला पावसाळा: मेटलसाठी सेटअप कसा लावावा?

पाम_म्यूट_फोंडा

चवथ झाली की कार्यक्रमांच्या तारखा सुरू होतात. त्याआधी सगळं सामान एकदा नीट लावून घ्यायचं आहे, जाणकारांनी मदत करावी.

बँड मेटलचा. दोन गिटार, बेस, ड्रम. ट्युनिंग ड्रॉप सी, म्हणजे जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-ए-डी. माझी गिटार २५.५ इंच स्केलची (तारेची वाजणारी लांबी), तरंगत्या फ्लॉइड रोझ ब्रिजची (स्प्रिंगांवर तोललेला, बारने हलणारा). पिकअप ईएमजीचे, बॅटरीवर चालणारे: ब्रिजला ८१, नेकला ८५. तारा १०-४६ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). पेडलं तीन: ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह), बॉस एनएस-२ (नॉइज गेट, शांततेत आवाज बंद करणारं) आणि एक डिले. आतापर्यंत प्रॅक्टिस रूममधल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर भागत होतं. आता बोटीवर असलेल्या काकांनी अमेरिकेतून १०० वॅटचं ट्यूब हेड (स्पीकर नसलेला नुसता वरचा डबा) आणलंय. आत चार ६एल६ ट्यूबा आहेत, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. ते अजून लावलेलं नाही. कॅब (स्पीकरची पेटी) २×१२ आहे, त्यात दोन व्हिंटेज ३० स्पीकर, मागे ८ ओम लिहिलंय.

अडचणी अशा: पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेले ठोके) गढूळ येतात, गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवला की आणखीच. दोन रिफांच्या मधल्या शांततेत सूं आणि घूं दोन्ही ऐकू येतात. पावसात ट्युनिंग टिकत नाही. आणि हे हेड आपल्याकडच्या विजेवर कसं चालवायचं?

तारवाला_म्हापसा

गढूळपणाचं अर्धं कारण तारांत आहे, आधी ते घे. २५.५ इंचावर ४६ ची तार ई ला लावली की तिच्यावर साधारण साडेसतरा पौंड ताण असतो. तीच तार सी पर्यंत उतरवली की ताण अकरा पौंडांवर येतो. एवढी सैल तार पिक लागताक्षणी सुरापेक्षा वर जाते आणि मग खाली स्थिरावते. त्यामुळे प्रत्येक पाम म्यूट सुरुवातीला थोडा बेसूर असतो. दोन गिटार तसंच वाजवतात तेव्हा तो बेसूरपणा एकमेकांत मिसळतो आणि आपण त्याला गढूळ म्हणतो. याला कुठल्याही पेडलचा उपाय नाही. सी ला ५२ ची तार चौदा पौंडांच्या आसपास येते, ५६ ची साडेसोळाच्या. चगिंगसाठी, म्हणजे जाड तारेवरच्या पाम म्यूटच्या ठोक्यांसाठी, ५६ घे.

डॅडारिओचा ११-५६ सेट (११, १४, १९, ३२, ४४, ५६) ड्रॉप सी ला नेमका बसतो. एर्नी बॉलचा १२-५६ ही चालतो, पण त्यात तिसरी तार २४ ची, तीही न गुंडाळलेली. तिचं इंटोनेशन (सगळ्या फ्रेटांवर सूर बरोबर येणं) जुळवायला त्रास होतो आणि बेंड जड जातात. सोलो वाजवत असशील तर पहिलाच सेट बरा.

फ्लॉइडसाठी एक सोयीची गोष्ट अशी की १०-४६ च्या स्टँडर्ड ट्युनिंगला सहा तारांचा मिळून ताण साधारण १०४ पौंड असतो आणि ११-५६ ड्रॉप सी ला लावला की तोही तिथेच आसपास येतो. तू १०-४६ वरच खाली उतरला आहेस, त्यामुळे आत्ता स्प्रिंगा ब्रिजला आत ओढून धरत असणार. ब्रिजची मागची कड बॉडीत बुडालेली दिसेल, बघ. जाड तारा चढवल्या की तो बराचसा आपोआप सरळ होईल.

बदलताना असं कर. मागचं प्लास्टिकचं झाकण काढ. ब्रिज बॉडीला समांतर असताना ट्रेमोलो ब्लॉक आणि लाकूड यांच्यात जेवढी फट राहते तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा तिथे बसव. नटचे (मानेच्या टोकाच्या पट्टीचे) लॉक सोड, फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे बारीक स्क्रू) मधोमध आण. एकेक तार काढून लगेच नवी चढव. नव्या तारेची गोळी पक्कडीने कापून टोक सॅडलच्या (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूच्या) चिमट्यात सरळ खोलवर घाल आणि ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने आवळ. इथे जोर लावू नको, चिमट्यातले चौकोनी तुकडे चिरले की तार घसरते आणि दोष नटावर येतो. सहाही तारा सुरात आणून हाताने ताण, पुन्हा सुरात आण. त्या सूर सोडेनाशा झाल्या की लाकडाचा तुकडा काढ आणि ब्रिज कुठे जातो ते पाहा. मागची कड वर उठली तर स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळ, खाली गेली तर सैल कर. प्रत्येक वेळी परत सुरात आणायचं. नटचं लॉक अगदी शेवटी, त्यानंतर फक्त फाइन ट्यूनर.

मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळव. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. फ्लॉइडवर सॅडलचा स्क्रू सोडायच्या आधी ती तार पूर्ण सैल कर, नाहीतर सॅडल उडी मारून पुढे येतो. सहावी तार बरीच मागे न्यावी लागेल.

तरंगत्या फ्लॉइडवर दोन गाण्यांच्या मध्ये ट्युनिंग बदलायचा नाद सोडून दे. एक तार उतरवली की बाकी पाच चढतात. तो लाकडाचा तुकडा कायमचा ठेवला तर जमतं, पण मग बार वर ओढता येणार नाही. दुसरी वाट डिजिटेकच्या ड्रॉप पेडलची, ते अर्ध्या अर्ध्या सुराने सगळंच खाली उतरवतं. चार अर्ध्या सुरांपर्यंत ठीक वाटतं. त्याखाली पिकचा घाव बोथट होतो.

ट्यूब_आणि_सोल्डर

हेडबद्दल मी लिहितो. आधी एकच सांगणं: आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ते थेट लावू नका. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो. नसेल तर फिल्टर कपॅसिटर आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ट्रान्सफॉर्मरची किंमत दुखते.

मागच्या पट्टीवर तीन गोष्टी वाचा: व्होल्टेज, हर्ट्झ, आणि वॅट किंवा अँपिअर. ५०/६० हर्ट्झ असेल तर स्टेप डाउन (२३० चे १२० करणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर निर्धास्त चालवा. नुसतं ६० हर्ट्झ असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तेव्हा तासभर वाजवून हात लावून बघावं लागतं, आणि मे महिन्यातल्या बंद खोलीत ते चालवू नये.

काही हेडांच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीच्या जास्तीच्या तारा असतात आणि टेक्निशियन ते आतूनच २३० ला जोडून देतो. तसं केलंत तर मेन्सचा फ्यूज निम्म्या अँपिअरचा, स्लो ब्लो जातीचा घालायचा. १२० ला ४ अँपिअर असेल तर २३० ला २. हे काम घरी करू नका. १०० वॅटच्या हेडमध्ये ४५० व्होल्टच्या पुढे डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो.

कॅब जुळते. प्रत्येक व्हिंटेज ३० चे ६० वॅट, दोघांचे १२०, तेव्हा १०० वॅटचं हेड त्यावर चालेल, फक्त मास्टर पूर्ण उघडू नका. हेडचा सिलेक्टर ८ वर ठेवा. मधली केबल स्पीकर केबलच हवी, म्हणजे दोन जाड तारांची. गिटारची शील्डेड केबल तिथे लावली तर ती तापून शॉर्ट होऊ शकते. आणि कॅब जोडल्याशिवाय ट्यूब हेड कधीही स्टँडबायमधून बाहेर काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

पाम_म्यूट_फोंडा

दोघांचेही आभार. पट्टीवर १२० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ आहे, म्हणजे एक काळजी मिटली. इलेक्ट्रिकच्या दुकानात ३०० व्हीएचा, ११० व्होल्टचा, चपट्या दोन पिनांचा कन्व्हर्टर दाखवला. चालेल का?

ट्यूब_आणि_सोल्डर

नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

१०० वॅट हा स्पीकरला मिळणारा आकडा आहे. भिंतीतून हेड याच्या तिपटीच्या आसपास घेतं, कारण ट्यूबांचे हीटर सतत चालू असतात. ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर कायम काठावर राहील, तापेल, आणि जोरात वाजवताना व्होल्टेज खाली बसेल. ५०० व्हीएच्या खाली जाऊ नका, मी ७५० सांगेन. वजन वाढतं, पण स्टेजवर एका कोपऱ्यात पडून राहतं. तांब्याच्या गुंडाळीचाच ट्रान्सफॉर्मर घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर विजेची लहर तोडून देतात, त्यावर अ‍ॅम्प चालवू नये.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दोन पिनांच्या सॉकेटला अर्थ नसतो. अ‍ॅम्पची चासिस अर्थला जोडलेली नसेल आणि आत काही बिघडलं तर ती वीज केबलच्या शील्डमधून पेडलांच्या धातूच्या डब्यांपर्यंत आणि गिटारच्या जॅकपर्यंत येते. ईएमजी कंपनीच्या सूचनेप्रमाणे बसवलेले असतील तर तुमच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या नसतात. पण दुसऱ्या गिटारचे पिकअप साधे असतील तर त्याच्या तारा जोडलेल्या असतात, आणि त्याचे ओठ माईकला लागलेले असतात. म्हणून तीन पिनांचा, इनपुटची अर्थ आउटपुटपर्यंत सरळ नेणारा ट्रान्सफॉर्मरच घ्या. दुकानात मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून इनपुटची जाड पिन आणि आउटपुटचं अर्थचं भोक जोडलेलं आहे ना, ते तपासा.

११० व्होल्टचा असला तरी काळजी नको. १२० च्या हेडला ११० दिले की ६.३ व्होल्टचा हीटर ५.८ च्या जवळ चालतो, ते चालण्यासारखं आहे. गावाकडे संध्याकाळी वीज २०० च्या खाली उतरत असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लागेल.

मिक्सरमागचा

टोनबद्दल. तारा बदलल्यावर जे उरेल त्यावर हे लागू होईल.

गेन वाढवल्यावर आवाज गढूळ होतो, कारण खालचे सूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त क्लिप होतात (लहरीचे माथे कापले जाऊन फाटतात). ड्रॉप सी ची सहावी तार ६५ हर्ट्झवर आहे. एवढा बेस डिस्टॉर्शनच्या टप्प्यात शिरला की तो फुगतो आणि वरच्या तपशिलाला गिळतो. म्हणून बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा आणि हवा असेल तेवढा नंतर परत भरायचा. मेटलमधल्या बहुतेक घट्ट आवाजांचं गुपित एवढंच आहे. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी सी शार्पपर्यंत उतरायच्याही आधीपासून लेनी अ‍ॅम्पच्या पुढे ट्रेबल बूस्टर लावायचा, त्याचंही काम हेच.

तुमच्याकडे त्यासाठी ट्यूब स्क्रीमर आहेच. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. तेव्हा त्याला डिस्टॉर्शन म्हणून वापरू नका. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण किंवा थोडी अलीकडे, टोन बाराच्या काट्यावर. मग अ‍ॅम्पचा गेन आहे त्यापेक्षा उतरवा. दहापैकी सातवर ठेवत असाल तर चारवर आणा. एकटं वाजवताना हे कोरडं वाटेल, पण ड्रम सुरू झाला की ठोका न् ठोका वेगळा ऐकू येईल. दोन गिटार एकच रिफ वाजवतात तेव्हा दोघांचा गेन मिळून ऐकू येतो, त्यामुळे प्रत्येकाने कमीच ठेवायचा.

मिड काढून टाकू नका. घरी, हळू आवाजात, मिड शून्यावर आणि बेस-ट्रेबल वर असा आवाज भारदस्त वाटतो. स्टेजवर तोच नाहीसा होतो, कारण खालची जागा किक आणि बेस घेतात, वरची झांजा. गिटारची जागा मधेच आहे. सुरुवातीला बेस ४, मिड ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स ५ ठेवा. हेडवर रेझोनन्स किंवा डेप्थ असेल तर ४ च्या पुढे नको. मग बँडबरोबर वाजवत असतानाच हलवा, एकटे असताना नाही. दुसऱ्या गिटारवाल्याने तुमच्यासारखाच आवाज लावू नये. एकाचा मिड ७०० हर्ट्झच्या आसपास उठलेला, दुसऱ्याचा दीड किलोहर्ट्झजवळ, असं केलं की दोघे वेगळे ऐकू येतात.

साउंडवाल्याला दोनच गोष्टी सांगा: गिटारच्या चॅनेलला १०० हर्ट्झवर लो कट (त्याखालचं कापणं), आणि २०० ते २५० च्या पट्ट्यात गरज पडेल तसं थोडं कमी. माईक एसएम५७ असेल तर स्पीकरच्या मधल्या टोपीची कड जिथे कोनाला मिळते तिथे, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. मधोमध लावला तर कानाला टोचतो, कडेला नेला तर झाकतो. एक सेंटिमीटर सरकवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा मिक्सरच्या इक्यूने पडत नाही.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री १० ला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे साउंडचेक नेहमीच घाईत होतो. नॉबच्या जागा पांढऱ्या टेपवर खुणा करून ठेवा.

डिचोली_सातवी_तार

वरचं सगळं पटलं, पण ट्यूब हेड म्हणजेच मेटल असं कुणी समजू नये. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलने कारकिर्दीचा मोठा भाग रँडलच्या सॉलिड स्टेट हेडवर काढला. स्वीडिश डेथ मेटलचा तो करवतीसारखा आवाज बॉस एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलचे चारही नॉब पूर्ण फिरवून येतो, आणि तिथे आधी बेस कापायचा नियमही कुणी पाळत नाही. ज्याला घट्ट थ्रॅश वाजवायचं आहे त्याला ट्यूब स्क्रीमर, ज्याला भिंतीसारखा डेथ मेटल हवा त्याला एचएम-२. आधी संगीत ठरवा, मग पेडल.

आणि व्यवहाराचं म्हणाल तर फेस्ताच्या स्टेजवर किंवा शॅकमध्ये १०० वॅटचं हेड, कॅब आणि साडेसातशे व्हीएचा ट्रान्सफॉर्मर नेण्यापेक्षा मॉडेलर (हेड आणि कॅबची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) सरळ मिक्सरला देणं कितीतरी सोपं. तिथे दोनच चुका सगळे करतात. कॅबचा आयआर (स्पीकर आणि माईकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) चालू ठेवून गिटारच्या कॅबमध्ये लावतात, मग आवाज दोनदा गाळला जाऊन डब्यातून आल्यासारखा येतो. किंवा आयआर बंद ठेवून मिक्सरला देतात, मग माशा घोंगावतात. मिक्सरला जाताना आयआर चालू, वर ६ किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट. गिटारच्या कॅबला जाताना आयआर बंद. पॅच हेडफोनवर बनवू नका, स्टेजच्या आवाजाला मोठ्या स्पीकरवर बनवा.

मिक्सरमागचा

मॉडेलरचा मुद्दा मान्य. एचएम-२ बद्दल एवढंच म्हणेन की तो आवाज दोन्ही गिटारना एकदम दिला तर लहान हॉलमध्ये बेस गिटार संपते. एकालाच द्या.

मडगाव_पेडलबोर्ड

सूं आणि घूं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उपायही वेगळे.

सूं म्हणजे गेनमुळे येणारा हिस. त्यासाठी एनएस-२ चार केबलांनी जोडा. गिटार एनएस-२ च्या इनपुटला. एनएस-२ चा सेंड ट्यूब स्क्रीमरला, तिथून हेडच्या पुढच्या इनपुटला. हेडच्या मागच्या इफेक्ट लूपचा (प्रीअ‍ॅम्पच्या नंतर पेडल लावायची जोडणी) सेंड एनएस-२ च्या रिटर्नला. एनएस-२ चं आउटपुट डिलेला, आणि डिलेतून हेडच्या इफेक्ट रिटर्नला. असं केलं की गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून उघडतं-मिटतं, पण बंद करतं ते प्रीअ‍ॅम्पचा सगळा हिस. डिले गेटच्या नंतर असल्याने त्याची शेपटी कापली जात नाही. डिले गेटच्या आधी ठेवला तर प्रत्येक रिपीट अर्ध्यावर तुटेल.

थ्रेशोल्ड असा लावा: तारा हाताने झाकून ठेवा, नॉब शून्यापासून हळूहळू वाढवा, हिस बंद झाला की थांबा. त्यापुढे वाढवलं की लांब धरलेला सूर मध्येच गिळला जातो. डिके सगळ्यात कमी ठेवला तर थांबे कोरडे आणि धारदार येतात. सोलो असेल तर जरा वाढवा.

घूं म्हणजे हम. गेट तो फक्त शांततेत झाकतं, वाजवताना तो असतोच. ईएमजी असताना पिकअपकडून फारसा येत नाही, तेव्हा कारण दुसरीकडे शोधा. गिटारची केबल काढून बघा, हम राहिला तर पेडल किंवा अ‍ॅम्प. पेडलांना एकच डेझी चेन (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणारी केबल) लावली असेल आणि त्यात डिजिटल डिले असेल तर डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या, बरेचदा तिथेच सुटतं. डिले बाजूला काढूनही चार केबलांनी जोडल्यावरच हम येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने येणारा. अ‍ॅम्प आणि पेडलांचा अ‍ॅडॉप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या.

एक विनंती सगळ्यांना. हम जातो म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन तोडू नका, टेपही लावू नका. डीआय बॉक्सवरचं (मिक्सरला सिग्नल देणाऱ्या डब्यावरचं) ग्राउंड लिफ्ट वापरा, ते फक्त सिग्नलचं ग्राउंड सोडतं. गोव्यात जुन्या घरांत, माटवांत आणि जनरेटरवर अर्थिंग आहेच असं धरून चालू नये. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून सॉकेट तपासा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा शंभरच्या आसपास काहीतरी हलतं दाखवत असेल तर अर्थ जोडलेलीच नाही. मग एक टोक गिटारच्या जॅकच्या धातूला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावा. काही व्होल्टांपेक्षा जास्त आले तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कुणी वाजवायचं नाही. ओल्या स्टेजवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेलीच लाइन मागा.

जनरेटर असेल तर लाइट सुरू होऊन व्होल्टेज स्थिरावल्यावरच हेड लावा. साउंड आणि लाइट वेगळ्या लाइनवर घ्या. हेडचा पॉवर आधी, मिनिटभराने स्टँडबाय.

तारवाला_म्हापसा

पावसाळ्यातलं ट्युनिंग राहिलं होतं. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ मानवते. लाकूड ओल पितं, मान वाकते. कुठल्या बाजूला हे लाकडाच्या कापावर असतं, मोजल्याशिवाय कळत नाही. मोटर स्पेअरच्या दुकानात फीलर गेज मिळतं ते घे. गिटार सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाब, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोज. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतला धातूचा दांडा) आवळ, कमी असेल तर सैल कर. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, मग रात्रभर ठेवून पुन्हा मोज. त्यानंतर अ‍ॅक्शन: बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाडीला २ मिमी, बारकीला दीड. फट न बघता आधी अ‍ॅक्शन उतरवली की सी वर तार फ्रेटांना खडखडते.

फ्लॉइडवर गंजाचं बघ. ब्रिज ज्या दोन खुंट्यांवर टेकतो तिथल्या सुरीसारख्या कडा गंजल्या की बार सोडल्यावर ब्रिज मूळ जागी येत नाही, आणि दोष तारांवर जातो. पावसाळ्याच्या आधी तिथे व्हॅसलिनचा अगदी बारीक थर, फाइन ट्यूनरच्या स्क्रूंना मशीन ऑइलचा एक थेंब. वाजवून झालं की सुक्या सुती कपड्याने तारांच्या वरून आणि खालूनही पुस. घाम आणि खारी हवा मिळून साधी तार आठवड्यात खरखरीत करतात, कोटेड तार जास्त टिकते.

गिटार भिंतीवर नाही, केसमध्ये ठेव. सोबत शंभर ग्रॅम सिलिका जेलच्या दोन पिशव्या आणि एक छोटा हायग्रोमीटर. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकव, परत निळे होतात. एसी गाडीतून उतरवल्यावर केस लगेच उघडू नको, वीसेक मिनिटं बंद राहू दे, नाहीतर थंड धातूवर दव जमतं. ईएमजीची ९ व्होल्टची बॅटरी केबल आत असली की खर्च होत राहते, तेव्हा वाजवून झालं की केबल काढ. आवाज फाटका आणि पातळ झाला की अ‍ॅम्पला दोष देण्याआधी बॅटरी बदल.

पाम_म्यूट_फोंडा

तारा, तीन पिनांचा ट्रान्सफॉर्मर आणि फीलर गेज यादीत घेतले. एक शेवटचं: सध्याच्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पचा आवाज वाजवता वाजवता एकदम निम्मा होतो, वर थाप मारली की परत येतो. पॉट (नॉबखालचा भाग) गेलं असेल का? नव्या हेडलाही पावसात असंच होईल का?

ट्यूब_आणि_सोल्डर

इफेक्ट लूप असलेला अ‍ॅम्प असेल तर पॉटच्या आधी रिटर्न जॅकवर संशय घ्या. त्या जॅकमध्ये एक स्विच असतो. काही लावलेलं नसताना सिग्नल त्याच्या दोन पट्ट्यांमधून पुढे जातो. दमट, खाऱ्या हवेत त्या पट्ट्या काळ्या पडतात आणि संपर्क अर्धवट होतो. खात्री करायला एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज पूर्ण आणि स्थिर झाला तर दोष तिथेच. प्लग काढून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि केबलची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नेहमीचं डब्ल्यूडी-४० तिथे मारू नका, त्याचा तेलकट थर धूळ धरतो. त्यानेही गेलं नाही तर जॅक बदलायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. कार्यक्रम मध्येच असेल तर ती पॅच केबल तशीच लावून ठेवा. नव्या हेडमध्ये लूप कायम वापरात राहील, त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्न येणार नाही, पण जॅक महिन्यातून एकदा तसेच साफ करा.